मागची सीट

बुधवारी चौथा शेक घेऊन घरी आल्यावर यमुनाबाईंनी सांगून टाकलं, आता पाचवा नाही. हिमानी त्यांच्या पायांतले मोजे काढत होती. भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना कळव. मी यायची नाही."

"आई, दहातले चारच झालेत."

"चार म्हणजे पुष्कळ झाले."

पाठीच्या मणक्यात उतरलेला आजार बरा होणार नव्हता, हे मायलेकींना ठाऊक होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवलाच नव्हता. पण किरणांचे दहा शेक पुरे झाले तर मणका तग धरेल, पायांतलं बळ टिकेल, वेदना सोसण्याजोगी होईल. नाही झाले, तर कंबरेखालचं सगळं एके दिवशी बंद पडेल. "सोमवारी आणा," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "त्याहून जास्त खंड पडला तर मी काही सांगू शकत नाही."

यमुनाबाईंना शेकाचं भय नव्हतं. भय होतं जाण्यायेण्याचं. चितेगावचं घर सोडलं की नक्षत्रवाडी यायच्या आत उलट्या सुरू व्हायच्या आणि प्रत्येक उबळीसरशी तो दुखरा मणका असा आवळून यायचा, की त्या उशी दातांत धरायच्या. पुढे गाडी चालवणारी हिमानी आरशात ते बघायची आणि गाडी आणखी हळू करायची. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

करण्यासारखं सगळं करून झालं होतं. उलटीची औषधं तीनदा बदलली होती. एकदा रुग्णवाहिका बोलावली, तर तिच्या लोखंडी खाटेवर आई पहिल्या गतिरोधकालाच किंचाळली. हिमानीचा स्वतःचा फ्लॅट उस्मानपुऱ्यात, रुग्णालयापासून दहा मिनिटांवर, पण तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. भरती होण्याचा विषय काढला की यमुनाबाई तोंड फिरवायच्या. आठ महिन्यांपूर्वी हिमानीचे वडील, अण्णा, तिथल्याच वॉर्डात वारले होते.

उरली अण्णांची गाडी. काळी, ब्याऐंशी सालची मर्सिडीज. वैजनाथअण्णा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्र्याण्णव साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ही जुनी गाडी आणली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. मागची सीट एवढी ऐसपैस, की पाय जरासे दुमडून माणसाने निवांत झोपावं. आणि चाल तर अशी मऊ, की अण्णा येईल त्याला सांगायचे, "गाडी नाही, पाळणा आहे." यमुनाबाईंना तेव्हापासूनच कंबरेचं दुखणं. त्यांना खड्डा कळू नये म्हणून अण्णांनी गाडीच्या मूळ स्प्रिंगा काढून कारखान्यात खास मऊ स्प्रिंगा करवून बसवल्या होत्या. शहरात याहून मऊ गाडी मिळणार नव्हती. तरीही गुरुवारी सकाळी हिमानी ती घेऊन कडूबा मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली.

कडूबा एकेकाळी अण्णांच्या हाताखाली फिटर होता. आता पासष्टीचा, उस्मानपुऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं गॅरेज.

"मामा, हिला आणखी मऊ करायची. सोमवारच्या आत."

कडूबाने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून दाबलं आणि सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. ती थांबेपर्यंत तो बघत राहिला.

"याच्याहून मऊ केली तर तळ्यात सोडावी लागंल, ताई. एक वल्हं घिऊन ठिवा."

हिमानी हसली नाही. तेव्हा त्याने हात पुसले आणि काय झालंय ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. आई दातांत धरते त्या उशीचंही.

"मागं झोपून कुणी बघितलंय का?" कडूबाने विचारलं.

"म्हणजे?"

"आता तुमी चालवता. आधी साहेब चालवायचे. बाईसाहेबांच्या जाग्यावर झोपून कुणी बघितलं?"

तिच्या लहानपणीच, आईला आडवं होता यावं म्हणून मागची सीट आईची आणि अण्णांशेजारची पुढची सीट हिमानीची, असं ठरूनच गेलं होतं. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

"झोपा. म्या चालवतो."

उशीला आईच्या तेलाचा वास होता आणि लवंगेचा. स्टेशनपर्यंत तिला बरं वाटलं. खड्डे येत होते ते कळतही नव्हते. नुसतं छत जरासं जवळ यायचं आणि लांब जायचं. महानुभाव आश्रमाचा चौक मागे पडला, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला रस्ता लागला आणि मग ते सुरू झालं. धक्का नव्हताच. पण एका खड्ड्याचं हेलकावणं संपत नव्हतं तोवर दुसऱ्याचं त्यात मिसळत होतं. कुणी दुचाकीवाला आडवा आला आणि कडूबाने गाडी वळवली, की सगळं अंग एका अंगाला ओतल्यासारखं व्हायचं आणि सावरायच्या आत दुसऱ्या अंगाला. काचेतून दिसणारे विजेचे खांब वर जात होते, खाली येत होते. तिने डोळे मिटले, तर पोटातलं सगळं गळ्याशी आलं. दरवाज्याच्या वरची मूठ कधी धरावी तेही उमगेना. कुठून काय येतंय ते कळतच नव्हतं.

नक्षत्रवाडीच्या अलीकडे तिने पुढच्या सीटवर थाप मारली. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून ती ओकली, पोट रिकामं झाल्यावरही ओकत राहिली. तिचा मणका तर धड होता.

कडूबाने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "म्या तवाच म्हणलं व्हतं. साहेब, गाडी बोट व्हईल. तर म्हणले, तू फक्त स्प्रिंग वळ, कडूबा. म्या वळल्या."

"नंतर का नाही बोललात?"

"बाईसाहेबांना फिरवून आणलं साहेबांनी. त्या म्हणल्या, लई चांगली झाली. मंग म्या कोण?"

दुपारी ती आईच्या खाटेशी बसली. यमुनाबाई जाग्या होत्या.

"आई, ही गाडी तुला कधीपासून लागते?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलण्याइतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. "पहिल्या दिवसापासून."

"अण्णांना कधी सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं, खड्डा कळला का? म्हटलं, नाही कळला. खरंच नव्हता कळला." जरा दम खाऊन त्या म्हणाल्या, "गाडी लागते का, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं. नसतंही. महिनाभर राबले होते गं. तोंड कसं झालं होतं त्यांचं, पहिल्या नंबरात पास झालेल्या पोरासारखं."

हिमानीला आठवलं: पैठणला जाताना, वेरूळला जाताना, आई डोळे मिटून मागे पडलेली, गालात लवंग. अण्णा आरशात बघून हळूच म्हणायचे, "झोपली बघ." मग बापलेक उरलेला सगळा रस्ता कुजबुजत बोलायचे, झोपलेल्या बाईची झोप मोडू नये म्हणून. ती एकदाही झोपलेली नव्हती.

"तीस वर्षं, आई."

"रोज कुठं बसत होते. आणि आता ते नाहीत, त्यांच्या माघारी त्यांच्या गाडीला नावं कशी ठेवू?"

हिमानीने आईच्या अंगावरची चादर उगीच सारखी केली. "मी गाडी कडक करून घेते. सोमवारी येशील?"

"कडक केली तर दुखेल."

"दुखेल."

"किती?"

"माहीत नाही."

"एकदा येईन," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर पुन्हा विचारायचं नाही. शपथ घे."

हिमानीने शपथ घेतली.

मूळ स्प्रिंगा माळ्यावर होत्या. अण्णांनी कधी काही टाकलं नव्हतं. गोणपाटात बांधलेल्या, ग्रीस चोपडलेल्या, सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेल्या. त्यावर त्यांच्या सरळ, ठसठशीत अक्षरात: 'मूळ स्प्रिंग, चार. यमूला त्रास होतो म्हणून काढल्या. टाकू नये.' हिमानी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाशी ती नीट बोलली होती, बँकेचे कागद, पेन्शनचे कागद, सगळं तिने निस्तरलं होतं. आता त्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसताना तिचा हात थांबेना. पुसून झालेलं ती पुन्हा पुसत होती.

शुक्रवार आणि शनिवार कडूबाने दुसरं काम घेतलं नाही. नुसत्या स्प्रिंगांनी भागणार नव्हतं. चाकांचे हेलकावे आवरणारे शॉकअप पार गळले होते. नवे चार पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या बसने मागवले. गाडी वळणावर एका अंगाला कलू नये म्हणून खालून आडवी दांडी असते, तिची रबरं पिठासारखी झाली होती. ती त्याने नवी, टणक बसवली. रविवारी सकाळी त्याने पुन्हा गाडीचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली आणि तिथंच थांबली.

"आता परात आणा," तो म्हणाला.

धक्का किती बसतो ते कळावं म्हणून पाण्याने अर्धी भरलेली परात मागच्या सीटसमोर खाली ठेवली आणि हिमानी आईच्या जागी झोपली. बुजवलेल्या रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्याला तिचे दात दातांवर आपटले. दुसऱ्याला परातीतलं पाणी तिच्या तोंडावर आलं. डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात होतं: मणका ठिसूळ झालाय, जोराचा धक्का नको. तिने गाडी थांबवायला लावली.

"मामा, हे नाही चालणार. मोडेल ती. माझ्या हातानं मोडेल."

तिचा आवाज चढला होता. कडूबा रस्त्याकडेच्या दगडावर बसला, तंबाखू मळली आणि न खाताच टाकून दिली.

"रिकामी गाडी उड्या मारती," तो शेवटी म्हणाला. "स्प्रिंगला वजन पायजे. घरात ज्वारी हाये का?"

दोन पोती डिकीत घातली. चारही चाकांतली हवा थोडी कमी केली. तोच रस्ता, तीच परात. ती पुन्हा झोपली. खड्डा आला, तो कळला; पाठीला लागला आणि गेला. तिने मान उचलून बघितलं. परातीतलं पाणी दोनदा काठाशी आलं आणि निवलं.

"अजून थोडं मऊ?"

"अजून मऊ केलं की बोट. ह्या दोहोंमधी जागा यवढीच हाये, ताई." त्याने परात उलटी करून पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. "पुढचं बाईसाहेबांच्या हातात."

सोमवारी आठला त्या निघाल्या. यमुनाबाईंना चादरीच्या झोळीत उचलून सीटवर ठेवताना शेजाऱ्यांनी हात लावला. हिमानीने आरसा असा वळवला की आईचा चेहरा दिसावा, आणि मग तो बघायचा नाही असं ठरवून टाकलं. स्टिअरिंग हाताला जड लागत होतं, पण गाडी सांगितलेलं ऐकत होती. गावाबाहेरच्या गतिरोधकावर, चालत्या माणसाहूनही हळू चढवली तरी, मागून कण्हण्याचा आवाज आला. दाबलेला, लांब. हिमानीचा पाय ब्रेकवर गेला.

"परत वळवू?"

"चालव."

पुढचा खड्डा. पुन्हा तो आवाज. त्याच्या पुढचा. तिसऱ्या की चौथ्या खड्ड्यानंतर यमुनाबाई म्हणाल्या, "आधी सांगत जा."

"काय?"

"खड्डा आला की सांग. मी धरून बसते."

मग हिमानी सांगत गेली. खड्डा. गतिरोधक. आता छोटा आहे. आता दोन आहेत, लागोपाठ. मागे दरवाज्याच्या वरची मूठ आवळली जायची, श्वास रोखला जायचा, धक्का बसायचा आणि श्वास सुटायचा. नक्षत्रवाडी आली. नक्षत्रवाडी मागे पडली. पायाशी ठेवलेलं उलटीचं भांडं कोरडं होतं.

पाचवा शेक झाला. परत येताना आश्रमाच्या चौकात सिग्नल लागला आणि कडूबाचा फोन आला. तिने स्पीकर सुरू केला.

"उलटी?"

"नाही."

"रडल्या का?"

हिमानीने आरशात पाहिलं. यमुनाबाईंचे डोळे मिटलेले होते, ओठ दातांच्या दाबाने सुजले होते आणि कानशिलांवरून पाणी वाहून केसांत गेलं होतं.

"हो."

पलीकडे कडूबा घसा साफ करत राहिला. "इचारा त्यास्नी. साहेबांच्या मऊ स्प्रिंगा म्या फेकल्या नायत. म्हणल्या तर दोन घंट्यात पुन्हा घालतो."

"आई," हिमानी म्हणाली, "मामा विचारतायत."

"ऐकलं मी." यमुनाबाईंनी डोळे उघडले नाहीत. मूठ धरलेला हात तेवढा सुटून पोटावर आला. "त्या माळ्यावर ठेव. टाकू नको."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"आणि उद्या किती वाजता निघायचं, ते आत्ताच सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "पुढं खड्डा आहे का?"

"आहे."

त्यांनी पुन्हा मूठ धरली.