होणारीचं नाव

तनुजा मॅडम आमच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, कुठल्यातरी बँकेची खाती उघडायला आल्यात. खांद्याला झोळी, हातात छोटा रेकॉर्डर, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरच्या मुली पुढं सरकून बसल्या. शिक्षणामुळं मुलीची स्वतःबद्दलची ओळख कशी बदलते आणि घरात, गावात तिला काय अनुभव येतात, यावर त्या पीएच.डी. करत होत्या. त्यासाठी त्यांना आमच्या मुलाखती हव्या होत्या.

"यात चूक-बरोबर काही नसतं, तुम्ही फक्त बोला," त्या म्हणाल्या.

आमच्या चाकणकडच्या गावात "तू फक्त बोल" असं मुलीला कोणी म्हणत नाही. "तू फक्त गप बस" हे मात्र आम्हाला पाळण्यात असल्यापासून पाठ. त्यामुळं मी हात वर केला.

मॅडमचा एक नियम होता. कुणाचंही खरं नाव कुठंही येणार नाही. त्याऐवजी प्रत्येकीनं स्वतःसाठी एक नाव निवडायचं आणि मुलाखतीत मॅडम त्याच नावानं हाक मारणार. मुलींना तर मेजवानीच झाली. दिव्यानं एका सिरियलमधल्या सुनेचं नाव घेतलं. एकीनं कुलदेवीचं घेतलं आणि लगेच कान पकडून माफीही मागितली.

मी म्हणाले, "विजयश्री."

"छान आहे. का बरं हेच?" मॅडमनी विचारलं.

"आवडतं," मी म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

ते नाव रोहिदासनं ठेवलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, ते नाव. पिंपरी कॅम्पात उसाचा रस प्यायला बसलो होतो, तेव्हा टेबलावर सांडलेल्या रसात त्यानं बोटानं ते लिहून दाखवलं. मी म्हटलं, "पूनममध्ये काय खोट आहे?" तो म्हणाला, "पूनम तुमच्या घरची. ही माझ्या घरची." असलं बोलायला त्याला कोणी शिकवलं कुणास ठाऊक. माझा डिप्लोमाचा निकाल लागला की पिंपरीत नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं आणि त्याच्या परभणीकडच्या मावशीकडं निघून जायचं, एवढं आमचं ठरलेलं होतं.

अडचण एकच, माझा भाऊ, रणजीतदादा. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द. आमची जमीन कंपनीला गेली, तेव्हा त्याच कंपनीचं मालवाहतुकीचं काम त्यानं मिळवलं. रोहिदासचा टेम्पो त्याच कामाला लावलेला. हिशेबाला तो आमच्या अंगणात यायचा, पण उंबऱ्याच्या आत कधी नाही. त्याची जात आमच्या घराला चालत नव्हती. गोठ्याच्या भिंतीवर त्याच्यासाठी एक वेगळा कप ठेवलेला असायचा. चहा झाला की तो स्वतःच तो विसळून पालथा घालायचा. मी खिडकीतून बघायचे.

दादाला कळलं तर काय होईल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या चुलतबहिणीच्या, अंजलीच्या वेळी असाच एक मुलगा होता. तो गाव सोडून गेला, असं घरात सांगतात. त्याची मोटारसायकल मात्र अजून आमच्या गोठ्यामागं उभी आहे. टायर बसलेत, फाटक्या सीटमध्ये कोंबड्या अंडी घालतात. गाव सोडून जाणारा माणूस गाडी कशाला ठेवून जाईल, हे आजवर कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एवढं सगळं माहीत असून आमच्या या शहाण्यानं काय केलं, तर टेम्पोच्या मागं लाल अक्षरात 'विजयश्री' रंगवून घेतलं. मी त्याला घालूनपाडून बोलले. तो म्हणाला, "अगं, प्रत्येक टेम्पोवर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. तुझं खरं नाव थोडंच टाकलंय?" खरंच कुणाला काही वाटलं नाही. दादानं तर अंगणात सगळ्यांसमोर थट्टा केली.

"कोन रं ही विजयश्री? लगीन उरकलंस व्हय गुपचूप?"

"नाही दादा," रोहिदास हसत म्हणाला. "होणारीचं नाव हाय. लग्नात ठेवायचं ठरलंय."

"नशीबवान हाय बाबा पोरगी," दादा म्हणाला आणि त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

हे सगळं ठाऊक असून मी तेच नाव का निवडलं? कारण ते रसात लिहिलं होतं, पत्र्यावर रंगवलं होतं, पण त्या नावानं मला अजून कोणी हाक मारली नव्हती. रोहिदाससुद्धा म्हणायचा, लग्नाआधी नको, नाट लागते. मला ते एकदा ऐकायचं होतं. एवढाच माझा लोभ.

दर शनिवारी संत तुकाराम नगरात, मॅडमच्या भाड्याच्या खोलीवर आमची मुलाखत चालायची. "हं, विजयश्री, पुढं सांग." "विजयश्री, तेव्हा तुला काय वाटलं?" त्या नावाची मी वेगळीच होते. पूनम विचार करून बोलायची, विजयश्री बोलून मोकळी व्हायची. मी सांगितलं, की घरच्यांना मी शिकलेली हवी आहे, पण शिकल्यासारखं वागलेली नको. पहिली आले तेव्हा भावानं गावभर पेढे वाटले आणि त्याच आठवड्यापासून माझा फोन तपासायला लागला, हेही सांगितलं. रोहिदासबद्दल चकार शब्द काढला नाही. तेवढी अक्कल होती. पुढंपुढं मॅडमनी चुकून पूनम म्हटलं असतं, तर मी वळून पाहिलं नसतं.

मग मॅडमचं काम संपत आलं आणि प्राचार्यांनी कार्यक्रम ठेवला. कॉलेजला वॉटर कूलर दिल्यापासून दादाला प्रत्येक कार्यक्रमाचं बोलावणं असतं. तो व्यासपीठावर फेटा बांधून, मांडीवर नारळ घेऊन मोबाइल बघत बसला होता. मॅडम पडद्यावर एकेक चित्र दाखवत बोलत होत्या. दिव्याची सून येऊन गेली, कुलदेवी येऊन गेली. आणि मग मोठ्या अक्षरात आलं : विजयश्रीचं म्हणणं.

मॅडमनी माझं वाक्य वाचून दाखवलं. पेढ्यांचं आणि फोनचं. मुली हसल्या, टाळ्या वाजल्या. दादानं मान वर केली. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग खाली आमच्या रांगेकडं. मी पायातल्या चपलेकडं बघत राहिले. गावात पेढे काय एकट्यानंच वाटलेत, असं मी मनाला समजावत होते.

चहाच्या वेळी दादा मॅडमजवळ गेला. मी खांबाआड उभी होते.

"लय अभ्यास केलाय मॅडम तुमी," तो म्हणाला. "ही विजयश्री कोन म्हनायची?"

"ते मी सांगू शकत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "खरी नावं आम्ही कुणालाच सांगत नाही. तो नियमच आहे."

"बरोबर हाय. मग ही नावं तुमी ठेवता व्हय?"

"छे छे! मुली स्वतःच निवडतात. तेच तर महत्त्वाचं आहे. ज्या नावानं तिला जगायचंय, ते नाव."

बिचारीला किती अभिमान वाटत होता. दादानं आपल्या अंगावरची सत्काराची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि नारळही तिलाच दिला.

जाताना त्यानं मला गाडीत घेतलं. वाटेत भेळेच्या गाडीपाशी थांबून माझ्यासाठी भेळ बांधून घेतली, तिखट कमी, मला आवडते तशी. दादा रागावला की आरडाओरडा करतो, ते बरं असतं. त्या दिवशी तो गाणं गुणगुणत होता. मी भेळेची पुडी न सोडताच मांडीवर धरून बसले. रोहिदासला निरोप द्यायला मी पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात दादा म्हणाला, "तुझा फोन दे गं जरा. माझी चार्जिंग संपलीय." मी दिला. न देऊन काय सांगणार होते?

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई परातीत कणीक मळत होती. मी मुकाट्यानं कांदा चिरायला घेतला. दादा बाहेर ओट्यावर होता. अर्धे कांदे चिरून झाले तरी त्यानं मला बाहेर बोलावलं नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. त्याच्या लक्षात आलं नसेल, निदान खात्री तरी नसेल. उद्या कॉलेजातून कुणाच्यातरी फोनवरून रोहिदासला सांगू, असं मी ठरवत होते.

"विजयश्री!"

"आले!" मी म्हणाले आणि विळी सोडून उठले.

दोन पावलं टाकली, तेव्हा माझं मला कळलं. आईचे हात परातीतच थांबले होते.

"कुनाला हाक मारली त्यानं?" तिनं विचारलं.

दादा दारात उभा होता. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखा होता. "आई, एक ताट जास्त वाढ," तो म्हणाला. "आज रोहिदासला जेवायला बोलावतो. आत, आपल्या पंगतीला."

दादानं फोन लावला. स्वतःचाच, चांगला चार्ज असलेला. स्पीकर चालू केला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"रोहिदास, हाइस कुठं? ये की घरी. जेवायलाच ये."

पलीकडून त्याचा आवाज आला, विश्वास न बसल्यासारखा. "जेवायला? घरी, दादा?"

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं मागून मला कवटाळलं आणि माझ्या तोंडावर हात दाबला. तिचा हात कणकेनं चिकट होता. "गप," ती माझ्या कानात म्हणाली. "तुला तरी राहू दे मला."

"व्हय, घरी," दादा म्हणाला. "एकटाच ये. गाडी मागं गोठ्यापाशी लाव."

"आलोच दादा, लगेच आलो." तो हसत होता. त्याला धाप लागल्याचंही ऐकू येत होतं, बहुतेक चालता चालता बोलत असावा. "पण पहिल्यांदा घरात येतोय, रिकाम्या हातानं कसा येऊ? काकूंसाठी... आईसाठी काय आणू?"

"काय नगं," दादा माझ्याकडं बघत म्हणाला. "तू ये फक्त."