दोन्या कासिल्दाच्या नावाने

सान ब्लास बंदराच्या धक्क्यावर निरोप घेताना स्पॅनिश गलबताचा कप्तान दॉन फर्मिन उर्रेता याने बायकोला शब्द देऊन टाकला, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

त्यात चूक त्याचीच. दोन्या कासिल्दा फक्त एवढंच म्हणाली होती, "व्हाइसरॉयच्या नावाचं भूशिर झालं, मंत्र्याच्या नावाचं बेट झालं, त्या मंत्र्याच्या मेव्हण्याच्या नावाची सामुद्रधुनीही झाली. थंडीत कुडकुडत तुम्ही सगळ्यांची बारशी करून आलात. माझ्या नावाचं एखादं डबकं तरी सापडेल का हो?"

"डबकं कशाला? या खेपेला अख्खी खाडी तुझ्या नावाची. चांगली खोल, वाऱ्यापासून आडोशाची."

"बघू. खाडी मिळाली नाही तर या घरात गरम चॉकलेटचा पेलाही मिळायचा नाही."

तिच्यावर दॉन फर्मिनचा फार जीव होता आणि तिच्यापुढे त्याला अपराधीही वाटायचं. लग्न झाल्यापासूनची निम्मी वर्षं तिने डास मारत आणि वाट बघत काढली होती. म्हणून या वेळी गलबत उत्तरेला निघालं तेव्हा स्पेनच्या राजाला नवा किनारा हवा होता, आणि दॉन फर्मिनला फक्त ती खाडी हवी होती.

आता त्या किनाऱ्याचं सांगायचं तर स्पेनचा राजा म्हणे तो माझा आणि इंग्लंडचा राजा म्हणे माझा. दोघांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तूपानिसच्या लोकांना विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. राजे लोकांची डोकी ती, आपण काय बोलणार!

तूपानिस त्या लोकांचा म्हातारा नायक. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर बसून त्याने स्पॅनिश उचललं होतं, आणि त्याला चॉकलेट फार आवडायचं. दॉन फर्मिनच्या खोलीत तिसरा पेला संपवताना तो म्हणाला, "त्या जोडबेटांच्या मागे एक खाडी आहे. गोडं पाणी आहे, लाकूड आहे, वारा शिरत नाही."

दॉन फर्मिनचा चेहरा उजळला. "तिला नाव आहे?"

"नसायला काय झालं? माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आहे."

"ते राहू दे. कागदावर आहे का?"

"कागदावर तुम्ही राहता, फर्मिन. आम्ही काठावर राहतो." तूपानिसने पेला पुढे केला. "आणखी घाल थोडं. आणि तोंडाशी जपून. तिथे पाण्याखाली खडक आहे, ओहोटीलाही डोकं वर काढत नाही. त्या खडकाला आम्ही 'वाट बघणारी' म्हणतो. कितीही वर्षं गेली तरी जागची हलत नाही, आणि निष्काळजी माणसाला सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी दॉन फर्मिनने खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकला. भरती पुरी चढली की खडक टाळून आत शिरायचं आणि किनाऱ्यावर हक्काची खूण म्हणून क्रूस उभारायचा, असा बेत होता. इतक्यात पलीकडून सगळी शिडं फुगवून कॅप्टन पेनफोल्डचं इंग्रजी जहाज आलं. पेनफोल्ड भला माणूस, संध्याकाळी जेवायला बसला की भावासारखा. दिवसा मात्र पक्का वैरी.

"याला खाडी कुणी सांगितली?" दॉन फर्मिनने विचारलं.

"मीच," शेजारी होडीत बसलेला तूपानिस शांतपणे म्हणाला. "त्याने तांब्याचा पत्रा दिला. खडकाचंही सांगत होतो, पण तो ऐकायला थांबलाच नाही. तुझं बरं, तुझ्याकडे चॉकलेट संपेपर्यंत बसावं लागतं."

जहाज सरळ खडकाकडे निघालं होतं. सुकाणूवरचा बास्तिदा हळूच म्हणाला, "कप्तान, गप्प बसा. खडक देवाने ठेवला, डोळे इंग्रजाने मिटले. आपण कुठे मधे आहोत?"

गप्प बसलं की खाडी कासिल्दाची. दॉन फर्मिनला ते लख्ख दिसत होतं, आणि मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्या जहाजावर माणसं होती, आणि त्यांच्याही बायका कुठल्यातरी धक्क्यावर उभ्या असणार. बुडालेल्या माणसांवर कासिल्दाचं नाव घालून घरी कोणत्या तोंडाने जायचं? त्याने तोफ उडवायला लावली.

पेनफोल्डला वाटलं, सलामी दिली. त्याने टोपी काढून उलट सलामी दिली आणि तसाच पुढे आला.

"शिष्टाचारानेच मरणार हा," म्हणत दॉन फर्मिन होडीत उतरला. वल्ही मारून होडी नेमकी खडकावर आणली, आणि हाताला दुसरं काही लागेना तेव्हा खाडीसाठी आणलेला क्रूसच दोन्ही हातांनी उंच धरून उभा राहिला. इंग्रजी जहाज अगदी थोडक्यात वळलं आणि सुखरूप आत गेलं. दॉन फर्मिनची होडी परत गलबताला लागेपर्यंत भरती उलटली होती, आत शिरायची वेळ गेली होती. आत पेनफोल्डचा झेंडा चढला.

"आयत्या बिळावर नागोबा," बास्तिदा थुंकून म्हणाला.

संध्याकाळी जेवताना पेनफोल्ड मान खाली घालून बसला होता. "दॉन फर्मिन, जीव तुम्ही वाचवलात. पण राजाचा हुकूम आहे, खाडीला आमच्या नौदलमंत्र्याचंच नाव द्यावं लागलं. खडकाला मात्र तुम्ही म्हणाल ते नाव माझ्या नकाशावर घालतो."

दॉन फर्मिनने हातातला घास खाली ठेवला. "कासिल्दा," तो म्हणाला.

"कुणी संत आहेत का?"

"माझी बायको."

"तुमची बायको? म्हणजे संतच."

घरी आल्यावर खाडी इंग्रजाने पळवली एवढंच त्याने सांगितलं. बायकोचं नाव खडकाला दिलं, हे सांगायला छाती लागते. दोन्या कासिल्दाही शब्दाची पक्की. तेव्हापासून त्या घरात चॉकलेट शिजलं नाही.

वर्षं गेली. स्पेनने तो किनारा सोडला. एका व्यापाऱ्याने इंग्रजांचा छापील नकाशा सान ब्लासला आणला तेव्हा दोन्या कासिल्दाने तो टेबलावर पसरला आणि बोट फिरवू लागली. व्हाइसरॉय पुसला गेला होता. मंत्री गेला होता, मेव्हणाही गेला होता. सगळीकडे इंग्रज सरदार बसले होते. पेनफोल्डच्या त्या खाडीलाही आता दुसऱ्याच मंत्र्याचं नाव होतं. मग खाडीच्या तोंडाशी तिचं बोट थांबलं.

"हे काय हो? माझं नाव?"

"खडक आहे," दॉन फर्मिन पुटपुटला. "पाण्याखालचा. रागावू नकोस."

"सगळे पुसले, मग मलाच का ठेवलं?"

"मंत्र्याचं नाव बदललं तर कुणी बुडत नाही. खडकाचं बदललं तर जहाज जातं. खलाशी त्याला हात लावू देत नाहीत."

तिने नकाशा जवळ ओढला. "आणि तिथले लोक? ते काय म्हणतात याला?"

"वाट बघणारी."

दोन्या कासिल्दाने नकाशाची नीट घडी घातली.

"त्यांनी बरोबर ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही उगाच बदललंत."

मग ती उठली, फडताळाच्या मागून चॉकलेटचं भांडं काढलं, त्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि चुलीवर दूध ठेवलं.