डावीकडचं पेडल

सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून सतरा वर्षांत कोणी ओळीने दोनदा नापास झालं नव्हतं. बँकेतल्या एक बाई होत्या, उजवं-डावं कळायला त्यांना आधी मनगटावरचं घड्याळ बघावं लागायचं. त्यासुद्धा पहिल्या झटक्यात पास झाल्या आणि पेढीवर सगळ्यांना सांगत सुटल्या. दोनदा नापास झाली ती एकटी भिंगरी, आणि भिंगरी म्हणजे सरांची सख्खी मुलगी. आता घ्या.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून आईने ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती अठरा पूर्ण होती, गेले आठ महिने बापाच्या शेजारी बसून गाडी शिकत होती, आणि गाडीत बसल्यावर बापाला 'सर' म्हणत होती. तो सरांचाच नियम. नातं दाराबाहेर ठेवायचं, आत सगळे शिकाऊ सारखे.

पहिल्या परीक्षेत तिची गाडी थांबायच्या रेषेच्या दोन हात पुढे गेली. दुसऱ्या परीक्षेत तिने ती चूक मनात धरून ब्रेक असा काही हाणला, की परीक्षक साहेबांचा चष्मा नाकावरून उडून गिअरपाशी पडला. साहेबांनी चष्मा पुसला, कागदावर फुली मारली आणि उतरून गेले. आता येत्या गुरुवारी तिसरी वेळ होती. तिसऱ्यांदा नापास झालं की पुढचे दोन महिने फॉर्मसुद्धा घेत नाहीत.

आणि दोन महिने कोणाकडे होते? शेजारच्या गावात मावशीची रोपवाटिका होती. तिचा टेम्पोवाला महिनाअखेरीस काम सोडणार होता. "लायसन हातात असेल तर एक तारखेला ये," मावशीने फोनवर सांगितलं होतं, "नसेल तर मी दुसरा माणूस बघते. माझी रोपं काही तुझ्यासाठी वाढायची थांबणार नाहीत." पगार, राहायला खोली, रोज नवा रस्ता. भिंगरीने त्या खोलीत खाट कुठे ठेवायची हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

"परीक्षेत ब्रेक कडक लागतो, सर. आपल्या सरावात असा नसतो," तिने दोन्ही वेळा सांगून पाहिलं.

"गाडी तीच, ब्रेक तोच. तू घाबरतेस," सर म्हणायचे. मग आवाज मऊ करून पुढे जोडायचे, "तुझा पाय जड आहे. काहींचा असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्षभर थांब, मग बघू."

ते मऊ बोलणंच तिला जास्त झोंबायचं. ओरडले असते तर परत ओरडता तरी आलं असतं. रात्री ती आपलाच पाय उशीवर ठेवून बघत बसे. चांगला धडधाकट पाय होता.

रविवारी गाडी मिस्त्रीकडे होती. शिकवायच्या गाडीत ब्रेकची दोन पेडलं असतात. एक चालवणाऱ्याचं, उजवीकडे. दुसरं डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. मिस्त्री वाकून दोन्ही तपासत होता आणि भिंगरी त्याला पाने देत उभी होती.

"दोन्ही रबरं जानेवारीत मीच नवी घातली," मिस्त्री म्हणाला. "तुझ्याकडचं अजून चांगलं आहे. सरांकडचं बघ, पार गुळगुळीत. गाडी शिकतंय कोण, तू का तुझा बाप?"

तो आपल्या विनोदावर खूश होऊन हसला. भिंगरी हसली नाही. "डावीकडचं दाबलं तर माझ्याकडचं काय होतं?"

"काय होतं म्हणजे? मधे दांडी आहे. इकडे दाबलं की तुझ्याकडचं आपोआप खाली जातं. तुला मऊ लागणार."

मऊ. आठ महिने तिला ब्रेक मऊ लागत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी खात्री करायची होती.

घराच्या पुढच्या खोलीतल्या फळ्यावर सर रस्त्यांच्या आकृत्या काढायचे. सोमवारी तिने तिथला निळा खडू उचलला आणि डावीकडच्या रबरावर घासघास घासला. पहिल्या पाळीला होता एक दंतवैद्य, तीन आठवड्यांचा शिकाऊ. रोज एकदा तरी फुटपाथवर चाक चढवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. भिंगरी मागे बसली. दंतवैद्याने एक कचरापेटी जवळजवळ आडवी केली, पण सरांचे दोन्ही बूट चटईवर सपाट. "ब्रेक, डॉक्टर. घाई नाही," एवढंच म्हणाले. तासभर झाला, खडू जागच्या जागी.

मग तिची पाळी. दहा मिनिटं गाडी चालवली, आठ वेळा थांबली, सगळं कसं लोण्यासारखं. घरी आल्यावर सर बूट काढून आत गेले. भिंगरीने त्यांचा उजवा बूट उलटा केला. तळ निळाशार होता.

कोणी दुसरी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. ही जेवली, आणि दोनदा भात मागून घेतला. गुरुवारी सकाळी सर आंघोळीला गेल्यावर ती बारा नंबरचा पाना घेऊन गाडीत शिरली, डावीकडचं पेडल उतरवलं, फडक्यात गुंडाळलं आणि पाना, बोल्ट, बोल्ट अडकवायची खीळ यांच्यासकट परीक्षेच्या कागदांबरोबर पिशवीत टाकलं.

"एवढ्या लवकर कुठे?" सर म्हणाले. "परीक्षा अकराला आहे."

"सराव करायचाय, सर."

दुसऱ्या वळणावर गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला, ना इकडे बघितलं ना तिकडे. सरांचा पाय झटकन पुढे गेला आणि रिकाम्या पत्र्यावर धप्पकन आपटला. त्याच क्षणी भिंगरीने ब्रेक दाबला. कडक होता. गाडी थोडी पुढे सरकली, हिसका बसला, आणि सायकलच्या हातभर अलीकडे थांबली. सायकलवाला दोन शब्द ऐकवून निघून गेला.

सरांनी खाली वाकून बघितलं. "पेडल कुठंय?"

"पिशवीत."

"गाडी बाजूला घे."

"घेते. इंडिकेटर देऊन घेते." तिने तशी घेतली, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळली. "तुमच्या बुटाला निळा खडू लागलाय. मीच लावला होता, पेडलला. डॉक्टरांच्या वेळी नाही लागला. माझ्या वेळी लागला."

सरांनी बूट बघितला नाही. काच बघितली, आरसा बघितला, हातातली हजेरीची वही बघितली. "मी मुद्दाम नाही केलं."

"मग मी मुद्दाम नापास झाले का दोनदा?"

"पाय आपोआप जातो गं. मला कळतही नाही. त्या डॉक्टरच्या वेळी मला भीती वाटत नाही. तू बसलीस की..." ते थांबले. "तू बसलीस की मला प्रत्येक सायकल दिसते."

"मलाही दिसते. मला थांबवताही येतं. पण तुम्ही मला कधी थांबवू दिलं नाहीत आणि वर सांगितलंत माझा पाय जड आहे. आठ महिने मी स्वतःच्या पायाला शिव्या घातल्या, बाबा."

गाडीत 'बाबा' म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. कोणी दुरुस्त केलं नाही.

परीक्षेच्या कचेरीमागे एक मोकळं मैदान होतं. तिथे भिंगरीने त्याच निळ्या खडूने सिमेंटवर रेघ ओढली आणि बापाला गाडीतून उतरवून रेघेशी उभं केलं. "तुम्ही फक्त बघायचं. बोलायचं नाही." पहिल्यांदा ती रेघेच्या पुढे गेली. दुसऱ्यांदा फारच अलीकडे. चौथ्या वेळी हिसका कमी झाला. अकराव्या वेळी तिला कडकपणा कुठे सुरू होतो ते पावलात कळलं, आणि त्यानंतर गाडी नऊ वेळा रेघेला नाक लावून थांबली. सर हाताची घडी घालून उभे होते. एकदा त्यांचा उजवा पाय जमिनीवरून जरासा उचलला गेला. भिंगरीने खिडकीतून तो बघितला आणि भुवई वर केली. पाय खाली आला.

अकरा वाजता साहेबांनी दार उघडलं आणि डावीकडे वाकून बघितलं. "इथलं पेडल?"

"आहे, साहेब," भिंगरी म्हणाली.

"आहे म्हणजे कुठे? मला दिसत नाही. त्याशिवाय परीक्षा होत नाही. सर, तुम्हाला हे मी सांगायचं?"

सर कचेरीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी नुसतं 'बरं, मग पुढच्या वेळी' म्हटलं असतं तरी परीक्षा टळली असती. कोणाला कळलंही नसतं. भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. ही संधी तिने स्वतःच त्यांच्या हातात दिली होती. तिने थांबून त्यांचं उत्तर ऐकलंच नाही. पिशवीतून पेडल काढलं, पाना काढला, आणि परीक्षेसाठी इस्त्री केलेल्या सदऱ्यानिशी चटईवर आडवी झाली. बोल्ट बसला. खीळ सापडेना. ती पिशवीत चाचपत राहिली.

"खीळ इथे आहे," वरून आवाज आला. सर गुडघ्यावर बसले होते, पिशवीच्या तळातली खीळ त्यांच्या चिमटीत होती. तिने हात पुढे केला, त्यांनी ती तळहातावर ठेवली.

"मुलगी गाडी चालवायला आलीय का दुरुस्त करायला?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही येतं तिला," सर म्हणाले, आणि जाऊन पायरीवर बसले, गाडीकडे पाठ करून.

साहेब चष्मा खिशात घालूनच बसले. धडा शिकलेला माणूस. चढावर थांबवलं, उतारावर थांबवलं, एका बसच्या मागे अचानक "थांबा" म्हणाले. शेवटी ती पांढरी रेषा आली. भिंगरीने ब्रेकवर पाय ठेवला, तो कडक होता, आणि तिचा होता. गाडी रेषेला धरून उभी राहिली. साहेबांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, रेषा बघितली आणि कागदावर शिक्का मारला.

तो कागद तिने बापाला दाखवला, पण हातात दिला नाही. नीट घडी करून आपल्या खिशात घातला. सर म्हणाले, "चल, घरी मी घेतो गाडी. तू दमली असशील."

"मी दमले नाही. बसा तिकडे."

ते डावीकडे बसले. पेडल त्यांच्या पायाशी होतं, पहिल्यासारखं. भिंगरीने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"पाय वर घ्या."

"काय?"

"बूट काढा आणि सीटवर मांडी घाला. नाहीतर गाडी हलत नाही."

सतरा वर्षांत त्या सीटवर कोणी टाच टेकवली तरी सर तास बंद करायचे. त्यांनी बाहेर बघितलं. कचेरीच्या रांगेतली माणसं त्यांच्याकडेच बघत होती, त्यांत दोघं त्यांचेच शिकाऊ. त्यांनी खाली वाकून नाड्या सोडल्या, बूट मागे टाकले आणि गुडघे काचेला टेकतील अशी मांडी घातली. भिंगरीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि रस्त्याला लागली.

पहिल्या सिग्नलला त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय घट्ट धरला. दुसऱ्याला एकाच हाताने. बाजारातून जाताना एक ट्रक आडवा आला. ती थांबली, ट्रक गेला, ती निघाली.

"मावशीला फोन केलास?"

"घरी गेल्यावर करते. गाडी चालवताना बोलत नाहीत."

पुलावर चढताना ते अवघडून जरा हलले. "भिंगरे, पायाला मुंग्या आल्यात गं. मिनिटभर खाली सोडू?"

तिने पुढच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

"घर आल्यावर सोडा, बाबा."