चाळून दिलेले निरोप

नवराबायको बुधवारपासून एकमेकांशी बोलत नव्हते, तरी शनिवारी गाडीला कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून सासूबाईंसह सहलीला निघाले. शेतावरची मुक्कामाची जागा कधीची ठरलेली होती, आणि ती रद्द करायची तर आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

भांडणाचं कारण म्हटलं तर एवढंसं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या कामावरची मंडळी जेवायला आली होती. कुणीतरी तिच्या शिवणवर्गाची चौकशी केली, तर हा हसत म्हणाला, "तिचं काय, हौस आहे. वेळ जातो." कितीतरी बायकांना तिने शिवण शिकवून आपल्या पायांवर उभं केलं होतं, आणि घरच्या माणसाच्या लेखी तो वेळ घालवायचा उद्योग. तिने सासूबाईंना स्वच्छ सांगून टाकलं, की त्याने आपली चूक कबूल केली नाही तर सोमवारी मी ताईकडे राहायला जाणार, परत कधी येईन ते विचारू नका, आणि हे त्याच्याही कानावर घाला. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. ती उगाच धमक्या देणाऱ्यांतली नव्हती.

या घरात अबोला धरला की निरोप सासूबाईंमार्फत जायचे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, म्हातारीच्या पायांना उसंत नसायची. पण कधी कुरकुर नाही.

वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा नवरा उतरला, पाठोपाठ सासूबाईही उतरल्या. परत येताना त्या तिच्या खिडकीशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तो म्हणतो, चुकलं माझं. तोंडावर बोलायला जड जातंय त्याला."

तिला एकदम हलकं वाटलं. आता सोमवारी ताईकडे जावं लागणार नाही, असं मनात आलं आणि बरंही वाटलं. पण शेजारी येऊन बसलेल्या माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. चूक कबूल केलेला माणूस असा दिसतो का? पुढचा सगळा रस्ता ती तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो रस्त्याकडे.

शेत लहानसं आणि चांगलंच उताराचं होतं. खाली तळं, तळ्यात बदकं. मालकीणबाईंनी जागा दाखवली, चाकांना ठोकळे नीट लावा, असं बजावलं आणि ट्रॅक्टर चालू करून त्या पलीकडच्या वावरात निघून गेल्या.

ती मागच्या बाजूला घडीच्या खुर्च्या काढत होती. नवरा पुढे, गाडीच्या हुकाशी. ट्रॅक्टरच्या घरघरीत इकडचं तिकडे काही ऐकू येत नव्हतं. सासूबाई पुढून मागे आल्या. "तो म्हणतो, तू दमलीस, बस जरा. बाकीचं तो बघतो," म्हणाल्या, आणि चहा टाकायला कॅरव्हॅनमध्ये चढल्या. ती बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला बस म्हणालं होतं.

ठोकळे खुर्च्यांशेजारच्या खोक्यातच होते. नवऱ्याने मागे येऊन बघायला हवं होतं, पण मागे बायको. तिच्यासमोर उभं राहायची वेळ आली असती. लिफ्टच्या कामात ज्याने जन्मभर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला नाही, तो माणूस हूक सोडून गाडी पुढे घेऊन गेला.

आधी काहीच झालं नाही. मग आतून सासूबाई मागच्या शेगडीकडे गेल्याचा आवाज आला, आणि तिच्या डोळ्यांदेखत चाक फिरलं.

ती उठली आणि खुर्चीच चाकाखाली कोंबली. खुर्चीचा चुराडा झाला. कॅरव्हॅन क्षणभर अडखळली आणि पुन्हा खाली निघाली. आत भांडी कोसळली, सासूबाई त्याचं नाव घेऊन हाका मारू लागल्या. तो धावत आला आणि पुढचा दांडा धरून टाचा रोवत घसरू लागला.

"खोक्यातले ठोकळे!" तो ओरडला. "डावं चाक आधी!"

तिने खोकं उपडं केलं. डावा ठोकळा गवतावरून सटकला. "घट्ट धर, दुसरा लावते," ती म्हणाली, आणि पोटावर पडून तो चाकाखाली सरकवला. मग उजवा. तळ्याच्या काठच्या चिखलात कॅरव्हॅन थांबली.

सासूबाई दारात येऊन पायरीवर बसल्या. खरचटलंसुद्धा नव्हतं. नवरा गवतात बसला.

"ठोकळे लावायला सांगितलं होतं ना तुला?"

"तू तर मला बसायला सांगितलंस. बाकीचं मी बघतो म्हणालास."

"मी? मी म्हटलं, ब्रेक सैल आहे, आधी ठोकळे लाव, आणि नेहमीसारखं अर्धवट करू नकोस."

दोघांनी पायरीकडे पाहिलं.

"ते अर्धवटचं तेवढं गाळायला गेले," सासूबाई म्हणाल्या, "तर त्याबरोबर ठोकळेही गळले."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि पेट्रोल पंपावरचं? चुकलं माझं, म्हणालास ते?"

हो म्हणून मोकळा झाला असता तर तिला खरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "मी नाही म्हटलं तसं. मला तर आई म्हणाली, तू झालं गेलं विसरलीस."

"मी सोमवारी ताईकडे जातेय. बॅग भरून ठेवलीय."

कॅरव्हॅन घसरताना नव्हता इतका त्याचा चेहरा आता उतरला. त्याने सवयीने पायरीकडे मान वळवली. "आई, तिला..."

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशी जेवताना त्याने विचारलं ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या वर्गात किती जणी येतात, काय शिकवतेस. मला काहीच सांगता येईना. मला माहीतच नाही. म्हणून हसलो."

तिला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. हे वाक्य सासूबाईंनी तिच्यापर्यंत कधीच पोचू दिलं नसतं. ती त्याच्याशेजारी गवतात बसली.

"विचार मग," ती म्हणाली.