विहिणीचं पान

“बाई, तुमचं पान आत मांडलंय. निवांत हाय तितं,” धुरपता खाली बघत म्हणाली.

गोजरबाई माजघराच्या दारातच थबकली. आत भिंतीकडं तोंड करून एकच पाट होता. त्याच्यापुढं पत्रावळ, पत्रावळीवर मऊ भात, बाजूला वाटीभर दूध. आणि बाहेर मांडवात विहिणीच्या पंगतीला चाळीस पानं मांडलेली होती, मधल्या पाटाभोवती रांगोळी. वरमाई गोजरबाई, नवरा मुलगा रामकिशन तिचा, सून तिच्या घरात येणार. आणि त्या मधल्या पाटावर बसायला तिची धाकटी जाऊ, हीच धुरपता, नवं लुगडं नेसून तयार!

“कुनी ठरवलं हे?”

“थोरल्या मालकांनी.”

थोरले मालक, म्हणजे गोजरबाईचे यजमान व्यंकटराव, मांडवाच्या खांबापाशी घुटमळतच होते. ते जवळ आले.

“रामकिशनची माय, जरा समजून घे. एक घास उतरायला तुला किती येळ लागतोय. ठसका लागला, तोंडातलं भायेर आलं, तर भर पंगतीत शोभा व्हईल. पोरीकडची ताडकळसची लोकं काय म्हनतील?”

“म्हनतील, इनबाई जित्ती हाय.”

व्यंकटराव पुन्हा खांबापाशी गेले. माणूस वाईट नव्हता. दोन सालांमागं गोजरबाईच्या डाव्या गालात, जिथं ती तंबाखूची चिमूट धरायची तिथं, जखम झाली आणि पाथरीच्या हकिमाच्या औषधानं ती हटेना, तेव्हा याच माणसानं तिला मानवत रोडहून आगगाडीत घालून हैद्राबादला नेलं होतं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गालात रेडियमच्या सुया टोचून सात दिवस तशाच ठेवल्या, मग मानेतल्या गाठी कापून काढल्या. चाळीस दिवस व्यंकटराव व्हरांड्यात घोंगडी अंथरून पडून होते. बायकोसाठी एवढं करणारा गडी पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे गोजरबाईला मान्य होतं. पण म्हणून तिला भिंतीकडं तोंड करून जेवायला बसवायचा हक्क त्यांना मिळतो, हे मात्र मान्य नव्हतं.

दुखणं गेलं, सूज राहिली. डावा गाल आणि हनुवटीखालचा भाग फुगून आला तो आलाच. तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना, थुंकी आटली, आणि घास घशात गेला की वाट चुकल्यासारखा मध्येच अडून बसे. गावातल्या बायका तिच्यादेखत तिच्याबद्दल हळहळत, जणू मानेतल्या गाठींसोबत डॉक्टरांनी तिचे कानही कापून ठेवून घेतले होते.

दवाखान्यातली नर्स निघताना एवढंच म्हणाली होती, “अम्मा, रोज निगलना. नइं तो गला बंद हो जाता.” गोजरबाईनं तो रोज गिळायचा हुकूम मानला. बाकीचं तिनं आपल्या अकलेनं शोधलं. व्यालेल्या म्हशीची कास सुजली की ती सूज हलक्या हातानं कशी उतरवायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तशीच ती रोज पहाटे कोमट हातानं गालापासून खांद्याकडं सूज उतरवायची. रात्री सरकीच्या पोत्यावर डोकं उंच ठेवून निजायची. आणि सोयरीक ठरल्या दिवसापासून, चार महिने, ती रोज दुपारी गोठ्यात जाऊन एक अख्खी पोळी खात होती. नखाएवढा तुकडा, हनुवटी छातीला, मान डावीकडं, एकदा गिळायचं, पुन्हा एकदा गिळायचं, मग पाण्याचा घोट. समोर म्हैस रवंथ करायची. कुणाचं आधी संपतं अशी दोघींची शर्यत असे, आणि म्हैसच जिंकायची. पण पोळी संपायची.

ती सगळी खटपट या एका पंगतीसाठी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, मांडवात गेली आणि मधल्या पाटावर बसली.

“धुरपता, तू माज्या उजव्या हाताला ये. लुगडं बरं दिसायलंय.”

विहिणीनं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी पानाला हात लावत नाही, आणि तिनं हात धुतल्याशिवाय कुणी उठत नाही. चाळीस बायका तिच्याकडं बघत राहिल्या. गोजरबाईनं पोळीचा तुकडा गुळवणीत भिजवला, हनुवटी छातीला लावली. एकदा. पुन्हा एकदा. घास उतरला. पंगत जेवायला लागली, पोरीकडच्या बायकांनी गाणी सुरू केली.

दोन-तीन गाणी झाली तसा गोजरबाईचा हात थांबला. सगळी देवाची गाणी! विहिणीची पंगत म्हणजे विहिणीची थट्टा. तिचं नाक, तिची चाल, तिची भूक, काही सोडायचं नाही. आणि या बायका भजनाला बसल्यासारख्या गात होत्या. तिला असा संताप आला की गाल ठणकायला लागला.

नवरीची आई चतुराबाई घाबरी होऊन धावत आली. “काय चुकलं का, इनबाई?”

“मला नावं का ठिवंनात तुमी?”

“तसं न्हाई... तुमाला तकलीफ हाय, म्हून...”

“तकलीफ माजी मी बघते. इतं मी इन म्हून बसलेय. मला माजी गानी पायजेत.”

मग कोपऱ्यातून नवरीच्या आजीनं, बोळक्या बायनाबाईनं, सूर लावला:

“इनबाई आली ताडकळसाला, गाल का गं फुगला?
आमच्या घरचा लाडू तिनं गालातच ठिवला!”

व्यंकटरावांनी डोळे मिटून घेतले. गोजरबाई हसली. घास तोंडात असताना हसली, आणि व्हायचं तेच झालं. ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठाच्या कोपऱ्यातून गुळवणी पदरावर ओघळली. चार जणी उठायला लागल्या.

तिनं हात वर केला. “बसा!”

हनुवटी छातीला. मान डावीकडं. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. घास गेला. तिनं पदरानं तोंड पुसलं, लपवून नव्हे, सगळ्यांसमोर.

“हं, म्हना फुडं. कळीचा लाडू का बेसनाचा?”

मग मांडवात हशा फुटला. कळीचा, बेसनाचा, तिळाचा, सगळे लाडू तिच्या गालात भरून झाले. दोन वर्षांत तिच्या गालाकडं बघून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, आणि तिला गार वाटलं.

गाणी संपली, पुन्हा पहिल्यापासून झाली. बायकांच्या हातांवरचं वरण वाळलं, मांडीवरची लेकरं झोपली, पुरुषांची पंगत बाहेर ताटकळत राहिली. शेवटी गोजरबाईचं पान रिकामं झालं. मान भरून आली होती, जबड्यात कळा येत होत्या.

तेवढ्यात चतुराबाई हसत आली. गाण्याच्या भरात ती आजार विसरली होती की तिनं मुद्दाम तसं केलं, कोण जाणे. कुठल्याही विहिणीला करावा तसा तिनं आग्रह केला, नको-हो म्हणायच्या आत अख्खी पोळी पानावर टाकली. “माज्या लेकीसाठी एवढी खायाच पायजे, इनबाई!”

दोन वर्षांत कुणी तिला आणखी घे म्हणालं नव्हतं. गोजरबाईनं पोळीकडं बघितलं. पान झाकलं असतं तर कुणी बोल लावला नसता.

“गुळवनी वाढा,” ती म्हणाली, आणि तिनं पोळीचा नखाएवढा तुकडा तोडला. चाळीस बायका वाळल्या हातांनी बसून राहिल्या.