गळ्याचं बटण

लोकेश बोटीच्या काठावर वाकला आणि पाण्याकडे बघून टाळ्या वाजवू लागला. डॉल्फिनना टाळ्या ऐकू जातात असं त्याने मागच्या अकरा पाहुण्यांना सांगितलं होतं, आणि अकराही वेळा डॉल्फिन आले होते. आज बाराव्या पाहुण्याला मस्कतच्या समुद्राने ओळखच दाखवली नाही.

"अर्धा तास झाला," तृप्ती म्हणाली. "हात दुखतील तुझे."

"येतील. शुक्रवारी जरा उशिरा उठतात."

"इन्शाल्ला," कप्तान म्हणाला आणि त्याने बोट वळवली.

"आमच्याकडे वेळेवर येतात," बाकावरून धनंजयराव म्हणाले. "साडेअकराला आणि चारला. रविवारी एक जास्तीचा शो."

धनंजयराव हे लोकेशचे साडू, तृप्तीच्या थोरल्या बहिणीचे, गिरिजाचे यजमान. स्पेनमध्ये समुद्रकाठी एक गाव आहे, तिथे युरोपातली माणसं पैसे देऊन उन्हात भाजून घेतात. तिथल्या मरीन पार्कमध्ये ते एंटरटेन्मेंट मॅनेजर होते. गिरिजा संगमेश्वरला असायची. सुट्टीवर घरी जाताना ते वाटेत दोन दिवस मस्कतला उतरले होते, आणि आठ वर्षांची यशश्री कालपासून त्यांच्या मांडीवरून उतरली नव्हती. रात्री झोपायला म्हणून उठली, ती त्यांनी आणलेला कापडी सी लायन घेऊनच झोपली. परवापर्यंत ती लोकेशचा अंगठा धरून झोपायची. रात्री लोकेशने अंधारात अंगठा पुढे करून पाहिला होता. तिने कूस बदलली.

आणखी एक गोष्ट होती. धनंजयराव एप्रिलच्या उन्हातही शर्टाचं गळ्याचं बटण लावत. ती तिकडची पद्धत असावी, म्हणून सकाळी लोकेशनेही लावलं होतं. आता त्याला आवंढा गिळायच्या आधी विचार करावा लागत होता.

पाहुणा आला की लोकेश त्याला ठरलेली फेरी घडवायचा: डॉल्फिन, मत्रा बंदराचा किल्ला, मोठी मशीद, किनाऱ्यावरचं फॅमिली पार्क आणि शेवटी सोबत न्यायला खजूर. मशीद शुक्रवारी पाहुण्यांना बंद, म्हणून ती बाहेरून. मत्र्याचा किल्ला पाहून धनंजयराव म्हणाले, "छान आहे. लहान आहे, पण छान आहे." तो किल्ला आपणच बांधला असावा तसं ते लोकेशच्या मनाला लागलं. आज एकदाच, यशश्रीच्या देखत, कुठल्यातरी गोष्टीत आपण या माणसाच्या वर असावं, एवढंच त्याला हवं होतं. गोष्ट कुठलीही चालली असती.

गाडीत धनंजयरावांनी फोनवर पार्कचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत गोरी मुलं होती आणि माणसाएवढा, टोपी घातलेला सी लायन होता.

"काका, where are you?" यशश्रीने विचारलं.

"मी कामात असतो गं. फोटो दुसरे काढतात." मग त्यांनी फोन खिशात टाकला. "लोकेशराव, तुमचं ऑफिस दाखवा की. गिरिजा सारखी सांगत असते."

लोकेश संगमेश्वरात प्रोजेक्ट मॅनेजर होता. मस्कतमध्ये तो एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता आणि त्याच्या हाताखाली चार हजार हेल्मेटं होती. तृप्ती बहिणीला भाजीत मीठ जास्त झालं तरी फोन करून कळवायची; एवढी एकच गोष्ट तिने अकरा वर्षं कळवली नव्हती.

"शुक्रवारी कुलूप असतं," लोकेश म्हणाला.

तृप्ती खिडकीबाहेर बघू लागली.

फॅमिली पार्कमध्ये चार वाजताही जमीन तव्यासारखी होती. कारंज्यापाशी एक कासव मुलांचे हात हातात घेत होतं. हिरवं, कापडी, पाठीवर स्पंजची ढाल, दोन पायांवर चालणारं. मुलं ढालीवर बुक्क्या मारत होती. लोकेश चार आइस्क्रीम घेऊन येईपर्यंत कासव डुलू लागलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कासव गुडघ्यांवर बसलं. टाळ्या वाढल्या. मग ते हळूच कुशीवर आडवं झालं, तेव्हा एक बाई म्हणाली, "हाउ क्यूट."

"नाटक नाहीये ते," धनंजयराव म्हणाले.

ते धावले. त्यांनी कासवाला एका झटक्यात पालथं केलं, डाव्या काखेत हात घातला आणि न बघता चेन ओढली. मग मानेपाशी कुठेतरी दोन बोटांनी दाबलं. डोकं सुटून हातात आलं. आतून चाळिशीचा, मिशीवाला, घामाने निथळणारा माणूस निघाला. यशश्रीने आईचा हात घट्ट धरला.

"कितने मिनट से अंदर है?"

"घंटा हो गया, भाई."

"बीस मिनट का काम है ये. अंदर का पंखा?"

"बॅटरी खलास."

"नाम क्या है?"

"सुफियान."

"सुफियान, पानी घूँट घूँट. एकदम नहीं." त्यांनी आपला रुमाल ओला करून त्याच्या मानेवर ठेवला. त्याच्या गळ्याभोवती लालभडक वळ होता, कासवाचं डोकं जिथे धडाला जोडलं जातं बरोबर तिथे. "इधर पावडर मत लगाना. खोबरेल लगाना. नारियल का तेल."

उन्हात वाकून वाकून धनंजयरावांनाही धाप लागली. त्यांनी विसरून गळ्याचं बटण काढलं.

लोकेश समोरच उभा होता. चारही आइस्क्रीम मनगटावरून कोपराकडे निघाली होती. धनंजयरावांच्या गळ्याभोवतीही तसाच वळ होता, फक्त जुना, काळपट, साखळीसारखा. लोकेशने वळाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. धनंजयरावांनी बटण लावलं. ते लगेच लागलं नाही.

पार्कची माणसं आली, सुफियानला सावलीत घेऊन गेली. सगळे गाडीत बसले. धनंजयराव मागे, यशश्री त्यांच्या शेजारी. मग तृप्तीने पर्समधून फोन काढला.

"ताईला सांगते," ती म्हणाली. "तिचा विश्वासच बसणार नाही. पण भावजी, तुम्हाला कसं हो कळलं, चेन कुठे असते ते? मी तर पाठीवर शोधत बसले असते."

आरशात लोकेशला धनंजयराव दिसत होते. ते खिडकीबाहेर वादी अदाईचे काळे डोंगर बघत होते, एरवी त्या डोंगरांकडे कुणी इतकं लक्षपूर्वक बघत नसे. तृप्तीच्या फोनवर गिरिजाचं नाव आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. वाक्य लोकेशच्या तोंडात तयार होतं, आणि चवीला चांगलं होतं.

"अगं, मॅनेजर आहेत ते," लोकेश म्हणाला. "हाताखाली अशी पंचवीस-तीस कासवं असतील. मॅनेजरला सगळं माहीत असावं लागतं."

"हो, तेही खरंच," तृप्ती म्हणाली आणि फोन कानाला लावला. "ताई, ऐक ना..."

सिग्नल लागला. लोकेशने गळ्याचं बटण काढलं आणि पोटभर श्वास घेतला.

"लोकेशराव," जरा वेळाने मागून हळू आवाज आला, "ते ऑफिस राहू दे हो. उद्याही नको. तिथे काय बघायचंय?"

लोकेशने मान हलवली.

"काका, turtle सारखं bye करा ना," यशश्री म्हणाली. धनंजयरावांनी हात उचलला, खांद्यापासून, सावकाश, मोठ्ठा अर्धा गोल काढून. ती खिदळली आणि त्यांच्या दंडाला बिलगली. लोकेशला ते काल रात्रीइतकंच लागलं. त्यात काही फरक पडला नव्हता.

सिग्नल अजून लाल होता. त्याने आरशात बघत, स्टिअरिंगवरचा हात उचलून हलवला.

"नाही येत तुला, बाबा."

"येईल," धनंजयराव पुढे वाकून म्हणाले. "कोपर वाकवू नका, लोकेशराव."