यमुनेच्या सात बाटल्या

नोएडातल्या त्या नव्या शाळेत घोडेस्वारी होती, स्विमिंग पूल होता, काचेच्या भिंतींचं रिसेप्शन होतं. फक्त नदीवर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. समता मेश्राम तिथे अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची आणि गेली तीन वर्षं मुलांना यमुनेवर न्यायची परवानगी मागत होती. नदी शाळेपासून बसने वीस मिनिटांवर. पहिल्या वर्षी इन्शुरन्स आडवा आला, दुसऱ्या वर्षी डेंग्यू. तिसऱ्या वर्षी एका आईने डायरीत लिहून पाठवलं, "नदीच दाखवायची तर हृषीकेशला न्या ना, राफ्टिंग तरी होईल." प्रिन्सिपल बाईंना तो सल्ला फारच आवडला.

मग दोन हजार चार साली पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला, शाळेला प्रोजेक्टच्या फायली दाखवणं भाग पडलं, आणि तेव्हा कुठे बाईंना पाझर फुटला. "एक ट्रिप ले जाओ. अच्छी हुई तो हर साल टाइमटेबल में डाल देंगे," त्या म्हणाल्या. समताला तेवढंच हवं होतं. वर्षातून एक दिवस नदीवर, टाइमटेबलात छापलेला, कुणाच्या हातापाया न पडता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी अकरावीची पोरं नाकाला रुमाल लावून काठावर उतरली. काळ्या पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता आणि मुली "ईऽऽ" करून एकमेकींच्या मागे लपत होत्या. सात गट, प्रत्येकाची एक बाटली. प्रयोग तसा सोपा. बाटलीत काठोकाठ नदीचं पाणी भरायचं, त्यात दोन औषधं थेंब थेंब टाकायची. पाण्यात प्राणवायू असेल तर चहासारखा तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मॅन्युअलात फक्त तपकिरी साक्याचा फोटो होता. इथे पांढराच येणार हे समताला ठाऊक होतं, पण तिने मुद्दाम सांगितलं नाही. मुलांनी तो पांढरा रंग आपल्या डोळ्यांनी बघावा, चमकावं, "मॅम, असं का?" म्हणून विचारावं. त्या एका प्रश्नासाठी तिने तीन वर्षं ऑफिसच्या भिंतीवर डोकं आपटलं होतं.

नेमका तेव्हाच घाटावरचा चौकीदार परवानगीचा कागद मागत आला. त्याच्याशी हुज्जत घालण्यात तिचा अर्धा तास गेला. ती परतली तोवर सातही बाटल्या खोक्यात गेल्या होत्या आणि पोरं बसमध्ये बसून चिप्स खात होती. "हो गया, मॅम!" सगळी एका सुरात ओरडली. कुणीही काहीच विचारलं नाही. समता हिरमुसली, पण सोमवारी वर्गात बोलू, अशी तिने मनाची समजूत घातली.

सोमवारी दुसऱ्या तासानंतर ती लॅबमध्ये आली, तर टेबलावर सात बाटल्या आणि सातही तपकिरी. सकाळच्या मोकळ्या तासात मुलांनी उरलेलं मोजमाप उरकून चार्टसुद्धा लावला होता. यमुनेत प्राणवायू लिटरला सात मिलिग्रॅम, म्हणजे पाणी झकास. प्रिन्सिपल बाई चार्टपाशी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या.

"वंडरफुल, समता! पानी तो साफ निकला. अब अगले साल वहाँ जाने की क्या जरूरत? हृषीकेश चलेंगे." एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा.

समताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या सुट्टीत तिने कृतिकाला बोलावलं. कृतिका एका गटाची लीडर, आणि वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी.

"या बाटल्यांतलं पाणी कुठलं?"

कृतिकाने मान खाली घातली. "आमचं प्यायचं, मॅम. मिनरल वॉटर. नदीचं एकदम दह्यासारखं व्हाइट आलं ना, सगळ्यांचंच. वाटलं, प्रयोग बिघडला. तुमची ट्रिप फेल झाली असती."

"अगं, तेच बरोबर होतं! तिथे नदी मेलीये, हेच तर दाखवायला नेलं होतं तुम्हाला! रंग बदलायची अक्कल कुणी शिकवली?"

कृतिका गोंधळली. तिला प्रश्न खरंच कळला नव्हता.

"मॅम, तुम्हीच तर... सहामाहीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे सर आले होते, तेव्हा तुम्ही मागून हळूच म्हणालात, अठरा पॉइंट चार लिहा. माझं रीडिंग बावीस आलं होतं. मी अठरा पॉइंट चार लिहिलं. फुल मार्क्स मिळाले."

परीक्षक आले की मुलांच्या मागून फिरत आकडा कुजबुजायचा, हा त्या शाळेतला रिवाजच होता. मुलांचं नुकसान नको, एवढाच समताचा हेतू असायचा, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आता मात्र तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. चिडून उपयोग नव्हता. नदीचा दिवस हातचा गेलाच होता. खोटा चार्ट ठेवला तर गरज नाही म्हणून, फाडला तर शाळेची अब्रू गेली म्हणून.

"काढ तो चार्ट," ती म्हणाली. "नवा कागद घे, खरं ते लिही. मी स्वतः बाईंकडे घेऊन जाते."

कृतिकाने निमूटपणे चार्ट उतरवला. नव्या कागदावर पट्टीने सात चौकोन आखले, पेनाचं टोपण काढलं. मग मान किंचित मागे वळवून, प्रॅक्टिकलला बघते तशीच, तिने समताकडे बघितलं.

"किती लिहू, मॅम?"